आईचं बीपी उभं करून मोजलंत का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. आई ७८ वर्षांच्या, नाशिकला इंदिरानगरात राहतात, सोबतीला दिवसभराची एक बाई, तुम्ही पुण्यात. टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू आहेत. जानेवारीत दवाखान्यात बीपी १७६/७० निघालं, पायावर सूजही होती, म्हणून क्लोरथॅलिडोनची, म्हणजे लघवी वाढवणारी ‘पाण्याची’, तिसरी गोळी जोडली गेली. एप्रिलच्या शेवटी, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाथरूमला जायला उठल्या आणि पलंगाशेजारीच पडल्या. हाड मोडलं नाही. नंतर बसवून मोजलं तर १३४. भाऊ म्हणतो गोळ्या बंद करा, या वयात १६० चालतं. डॉक्टर म्हणतात १३० च्या खाली हवं. तुम्ही विचारताय, दोघांपैकी बरोबर कोण?

आधी एक निकडीची गोष्ट. पडताना डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ‘आता बऱ्या आहेत’ यावर समाधान मानू नका. म्हाताऱ्या माणसात कवटीच्या आत हळूहळू रक्त साठून दोन-तीन आठवड्यांनी त्रास सुरू झालेला मी पाहिला आहे. डोकं दुखणं, जास्त झोप, बोलण्यात गोंधळ, चालताना एकाच बाजूला झोक जाणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

आता मूळ प्रश्न. ‘किती हवं’ याचं उत्तर मी देणार आहे, पण तुमच्या माहितीत एक आकडा नाहीच, आणि तो आल्याशिवाय बाकीचे आकडे फार बोलत नाहीत. आई उभ्या राहिल्यावर बीपी किती असतं? जानेवारीत बसवून मोजलं, पडल्यावर बसवून मोजलं. पडल्या त्या उभं राहताना.

भावाचं म्हणणं कुठून येतं ते मला ठाऊक आहे. ‘वय अधिक शंभर’ हा हिशोब एके काळी डॉक्टरही सांगत. वय वाढलं की शिरा कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला जोर जास्त लागणारच, तो निसर्गाचा नियम, असं समजलं जायचं. शिरा कडक होतात हे खरं. आमच्याकडे निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षवाले पेशंट पुष्कळ, त्यांना मी ठिबकच्या नळीचं उदाहरण देतो. नवी नळी पाण्याच्या दाबाने जराशी फुगते, दाब उतरला की आवळते. दहा उन्हाळे खाल्लेली नळी फुगतही नाही, आवळतही नाही. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिणीचं तसंच होतं. हृदय आकुंचन पावलं की दाब एकदम वर जातो, सैल पडलं की एकदम खाली येतो. म्हणून म्हातारपणी वरचं १७६ आणि खालचं ७० अशी जोडी दिसते. लोक खालचा आकडा पाहून ‘तो तर नॉर्मल आहे’ म्हणतात. या वयात धोका वरचाच आकडा सांगतो.

आणि हे नैसर्गिक असलं तरी निरुपद्रवी नाही. १९९१ साली अमेरिकेतला शेप नावाचा अभ्यास आला. साठीच्या पुढची माणसं, फक्त वरचं बीपी वाढलेलं. औषध दिलेल्या गटात पक्षाघात सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. औषध कोणतं होतं? क्लोरथॅलिडोन, म्हणजे तुमच्या आईंची तीच तिसरी गोळी. पुढे २००८ मध्ये हायव्हेट हा अभ्यास आला, त्यात सगळे ८० च्या पुढचे. लक्ष्य १५०/८० इतकंच, तरी हृदय निकामी होण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं आणि मृत्यूही कमी झाले. तेव्हा ‘या वयात १६० चालतं’ हे भावाला सोडून द्यायला सांगा.

पण तुमचे डॉक्टर ज्याच्या आधारावर १३० च्या खाली म्हणतायत, तेही नीट वाचायला हवं. २०१५ चा स्प्रिंट अभ्यास सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यात १२० च्या खालचं लक्ष्य ठेवलेल्यांना १४० वाल्यांपेक्षा फायदा झाला, ७५ च्या पुढच्यांनासुद्धा. मात्र त्यात घेतलं कोणाला? मधुमेही वगळले, आधी पक्षाघात झालेले वगळले, वृद्धाश्रमात राहणारे वगळले. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अट म्हणजे, एक मिनिट उभं राहिल्यावर ज्यांचं वरचं बीपी ११० च्या खाली जात होतं, तेही वगळले. शिवाय मोजणी पाच मिनिटं शांत बसवून, आपोआप चालणाऱ्या मशीनवर, पुष्कळदा खोलीत कोणी नसताना. गर्दीच्या ओपीडीत जिना चढून आलेल्या बाईचं घाईत घेतलेलं १४० आणि त्या अभ्यासातलं १४० हे एकच नाहीत. त्यामुळे डॉक्टर चूक नाहीत, भाऊही सगळा चूक नाही. तुमच्या आई त्या अभ्यासात बसल्या असत्या का, एवढंच कोणी तपासलेलं नाही.

उभं राहताना काय होतं ते सांगतो. आपण उठलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या रोहिणीत दाब ओळखणारी जागा असते, ती क्षणात शिरा आवळायला लावते, ठोके वाढवते, म्हणून आपल्याला कळतही नाही. म्हातारपणी ही यंत्रणा सुस्तावते. त्यात अंगात पाणी कमी असेल, किंवा शिरा सैल ठेवणारी, लघवी वाढवणारी औषधं असतील, तर मेंदूला काही सेकंद रक्त पुरत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. निजून उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर तो दोष आहे असं आम्ही मानतो. मोजायला सोपं आहे. पाच मिनिटं निजवा, मोजा. उभं करा, एक मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी माणूस हवा आणि मागे खुर्ची हवी. दवाखान्यात हे होत नाही याचं कारण आळस नाही. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना एकासाठी दहा मिनिटं काढणं जड जातं. मी स्वतः हे नेमाने करायला लागलो ते प्रॅक्टिस सुरू करून बरीच वर्षं झाल्यावर, आणि तेही एका चुकीनंतर.

पंचवटीतले एक निवृत्त मास्तर होते, ऐंशीच्या आसपासचे. अॅम्लोडिपिनने त्यांच्या घोट्यांना सूज आली. मी विचार न करता पाण्याची गोळी जोडली. खरं तर अॅम्लोडिपिनची सूज अंगात पाणी वाढल्याने येत नाही. बारीक शिरा सैल झाल्याने पाणी तिथे झिरपतं, म्हणून पाण्याच्या गोळीने ती फारशी हटत नाही. सूज राहिली, मी डोस वाढवला. दोन महिन्यांनी घरचे त्यांना घेऊन आले, ‘मास्तर भ्रमिष्टासारखं करतात’ म्हणून. रक्तातलं सोडियम फार घसरून ११८ वर आलेलं. उपाय काय होता? अॅम्लोडिपिनचा डोस निम्मा करणं, बस्स. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, तिच्या त्रासावर तिसरी, अशी साखळी लागते आणि लावणाऱ्याला ती दिसत नाही.

तुमच्या आईंना तिसरी गोळी बीपीसाठी दिली की सुजेसाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आरोपाच्या सुरात नको, साधं विचारा. आणि या गोळीवर असताना रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी तपासणी) तपासलं होतं का तेही. जानेवारीपासून एकदाही झालं नसेल तर या आठवड्यात करून घ्या. बीपीच्या गोळीमागे रक्ततपासणी लागते हे पेशंटला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता जानेवारी आणि एप्रिल. तुम्ही महिने लिहिलेत म्हणून बरं झालं, मला त्यातच अर्धं उत्तर दिसलं. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, निफाडचा पारा तर दर वर्षी बातमीत असतो. थंडीत शिरा आवळतात, बीपी चढतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की शिरा सैल, घाम, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान मुळात कमी लागते. म्हणजे थंडीच्या मापाने शिवलेला स्वेटर आई उन्हाळ्यात घालून बसल्या होत्या. त्यात संकष्टी. दिवसभर थोडं खाणं, थोडं पाणी, चंद्रोदयानंतर जेवण, आणि सकाळी पाण्याची गोळी मात्र घेतलेली. पहाटे मूत्राशय भरलेलं, घाईने उठल्या. मला यात गूढ काही दिसत नाही. माझ्या ओपीडीत होळीनंतर निम्म्या म्हाताऱ्या पेशंटांच्या गोळ्यांचा मी फेरविचार करतो आणि दिवाळीनंतर पुन्हा.

बीपीच्या कागदावर नसलेली औषधंही काढून पाहा. गुडघ्यांसाठी ‘कधीतरी’ घेतात ती वेदनाशामक गोळी कोणती? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीची असेल तर ती बीपी वाढवते, आणि टेल्मिसार्टन व पाण्याच्या गोळीच्या जोडीला बसली की मूत्रपिंडाला जबर मार देते. साधं पॅरासिटामोल त्या मानाने बरं. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, तेही बीपी चढवतं. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळणारे आजी-आजोबा मी पाहिलेत. घरगुती म्हणून निर्धास्त असतात, पण ज्येष्ठमध बीपी वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो. तुम्ही ‘झोपेची अर्धी गोळी’ असंही लिहिलं आहे. पहाटेच्या पडण्यात तिचा वाटा बीपीच्या गोळीइतकाच असू शकतो. ती एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची असते.

मीठ. सगळ्या आया एकच सांगतात, ‘मी वरून मीठ घेतच नाही’. वरून घेत नसतील, पण लोणचं, पापड, चिवडा, फरसाण, ब्रेड, उन्हाळ्यात स्वतः घातलेल्या कुरडया-सांडग्यांचं काय? दिवसाला साधारण एक चमचा, ५ ग्रॅम, ही मर्यादा धरतात, त्यात हे सगळं आलं. उपवासाचं सैंधव हेही मुख्यतः सोडियमच, त्याला सूट नाही. बाजारात पोटॅशियम मिसळलेलं मीठ मिळतं. चीनमध्ये खेड्यापाड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं. पण तुमच्या आई टेल्मिसार्टनवर आहेत, ती गोळी पोटॅशियम अंगात राखते. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. आणि उलट टोकही नको. अळणी जेवण पुढे आलं की म्हातारी माणसं दोन घास खाऊन ताट सरकवतात. त्यात पाण्याची गोळी, की सोडियम घसरलंच. पापड-लोणचं कमी करा, भाजी-आमटीत चव राहू द्या.

मग किती हवं? हे माझं मत, तुमच्या आईंना न तपासता दिलेलं, त्याच बेताने घ्या. स्वतःची कामं स्वतः करणाऱ्या, फिरणाऱ्या, डोकं तल्लख असलेल्या ७८ वर्षांच्या बाईसाठी मी घरी बसून घेतलेलं वरचं बीपी १३० च्या घरात आणायचा प्रयत्न करतो. अट एक, उभं राहून ते ११० च्या खाली जाऊ नये आणि अंधारी येऊ नये. अट मोडली तर मी १४०-१४५ वर थांबतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. अगदी अशक्त, दुसऱ्याच्या आधाराने चालणारं, विसराळू झालेलं माणूस असेल तर १५० वरसुद्धा थांबतो. खालचं ६० च्या खाली जायला लागलं की जपून. आणि हे काही महिन्यांत, पायरी-पायरीने. चार गोळ्या देऊन पंधरा दिवसांत आकडा उतरवण्यात शौर्य नाही.

हे वेगवेगळ्या आजारांप्रमाणे बदलतं. मधुमेह, आधी झालेला पक्षाघात, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाची कमजोरी, कंपवात, यातलं काही तुम्ही लिहायचं राहिलं असेल तर वरचा परिच्छेद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. नाडी अनियमित लागत असेल तर घरच्या मशीनवरही फार विसंबू नका, आधी ईसीजी काढा.

भावाला सांगा, गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. काही गोळ्या अशा आहेत, विशेषतः ठोके कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन, की एकदम थांबवल्या तर बीपी उसळतं. तुमच्या यादीत त्या नाहीत, तरी घरात ही सवयच नको. कोणती गोळी कमी करायची हे ठरवायचं आहे, आणि मला वाटतं वादाची गोळी तिसरीच आहे. पण कदाचित अॅम्लोडिपिन कमी करून क्लोरथॅलिडोन अगदी लहान डोसात ठेवणं जास्त शहाणपणाचं ठरेल. सोडियमचा रिपोर्ट ते सांगेल. गोळी सकाळी की रात्री, यावर लोक फार भांडतात. ब्रिटनमधल्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दोन्हींत फरक दिसला नाही. पाण्याची गोळी तेवढी सकाळीच बरी, रात्री उठावं लागू नये म्हणून. जुलाब, उलट्या, ताप आले, खाणंपिणं तुटलं, तर त्याच दिवशी फोन करून टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी तात्पुरती थांबवायची का ते विचारा. आणि कडक उपवास आता पुरे. देवाचं मी बोलत नाही, पण फलाहार आणि भरपूर पाण्यावर तरी आणा.

दुसरी बाजूही सांगतो, कारण पडल्यानंतर घरात मशीनचं वेड लागतं. एखाद्या संध्याकाळी १८४ दिसलं आणि आई नेहमीसारख्या मालिका बघत बसल्यात, तर धावपळ नको. सकाळची गोळी चुकली का, लघवी तुंबली आहे का, गुडघे ठणकतायत का, कोणाशी वाजलंय का, ते पाहा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. जादा गोळी मनाने देऊ नका. नव्वदीच्या दशकात अशा वेळी जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची पद्धत होती, शिकाऊ असताना मीही दिली आहे. आकडा झरझर उतरायचा आणि सगळे खूश. त्या झरझर उतरण्यानेच कित्येकांना पक्षाघात आणि हार्ट अॅटॅक आले हे नंतर उमगलं. कोणाच्या कपाटात ती असेल तर फेकून द्या. मात्र छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, जीभ अडखळणं, दिसेनासं होणं, यातलं काही असेल तर आकडा कितीही असो, मशीन लावत बसू नका, सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. रात्री गाडी कोण काढणार, कुठे न्यायचं, हे आजच शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. तुम्ही पुण्याहून निघालात तर तेवढा वेळ रस्त्यातच जाईल.

उद्यापासून करायचं ते हे. दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा आईंच्या दंडाच्या मापाचा हवा, लहान पट्टा खोटं जास्त दाखवतो. सोबतच्या बाईंना एकदा समोर बसवून शिकवा. ब्लाऊजच्या बाहीवरून मोजायचं नाही, आणि घट्ट बाही वर सरकवूनही नाही, ती फासासारखी आवळते. सैल बाहीचा गाऊन बरा. चहानंतर अर्धा तास, लघवी करून, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. सकाळी गोळीआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५ म्हणजे दवाखान्यातलं साधारण १४०. यांतल्या तीन दिवशी सकाळी निजून-उभं राहून घ्या, आणि एकदा दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, कारण भरपेट जेवणानंतरही बीपी उतरतं. वहीत गोळ्यांची नावं, वेळा आणि चक्कर आली तो क्षण लिहा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, जुनी फाइल नंतर.

तोवर पहाटे उठताना आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला बसून दोन मिनिटं पावलं वरखाली हलवायची, घोटभर पाणी प्यायचं, मग कशाला तरी धरून उभं राहायचं. रात्रभर एक मंद दिवा. पायपुसणं उचलून ठेवा.

आणि मोजताना आईंना बोलू द्यायचं नाही. बोललं की आकडा दहा-पंधराने सहज वाढतो. सोबतच्या बाईंनाही तेच सांगा. माझ्या अनुभवात सगळ्यांत अवघड भाग हाच आहे.